दोनशेवरची भिंत

खांद्यावर कुणाचं तरी बोट टेकलं आणि मी दचकलो, आणि दचकलो हे कुणाला दिसू नये म्हणून हातातल्या मासिकाचं पान उलटलं. "तीनदा हाक मारली, सर. या आत," बोट ज्यांचं होतं त्या बाई म्हणाल्या. समोरच्या बाकावर चार माणसं होती, त्यातल्या तिघांच्या कानात यंत्रं होती, आणि माझं नाव त्या तिघांनाही ऐकू गेलं होतं. शेजारी बसलेल्या बायकोने मला कोपराने हलवायला हवं होतं. तिने मुद्दाम हलवलं नव्हतं. "म्हटलं, बघू दे बाईंनाच," ती त्या चौघांना सांगू लागली, "ह्यांना 'चहा झाला' हे दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं, आणि 'कचरा टाकून या' हे कानाशी ओरडलं तरी येत नाही." चौघे हसले. मीही हसलो, अशा वेळी हसण्यातच शहाणपण असतं हे लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. हसत हसत उठलो, पांढऱ्या कोटातल्या बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या उजव्या कानामागे खोचलेली लाल-निळी पेन्सिल दिसली. केस पिकले होते, चष्मा आला होता, पण पेन्सिल खोचायची जागा तीच होती. हसू तोंडावर तसंच ठेवून मी त्यांच्या मागोमाग चालू लागलो.

तिला आम्ही सगळे पेन्सिलच म्हणायचो. उंच, सडसडीत, आणि कानामागे कायम एक टोक काढलेली पेन्सिल. बावीस वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली संशोधन करत होती. बाकीची मुलं संगणकाने काढून दिलेला आकडा निमूट उतरवून घेत, ही मात्र आलेख छापून आणायची, टेबलावर पसरायची, त्यावर पट्टी ठेवायची आणि उतार हाताने मोजून बघायची. "यंत्रावर विश्वास नाही का?" असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली होती, "आहे ना सर. म्हणून तर एकदाच तपासते." आता तिच्यामागून बोळातून जाताना मला एवढाच प्रश्न पडला होता, की हिने ओळखलं का? तिच्या हातातल्या कागदावर माझं नाव होतं, वय होतं, नोकरीचं ठिकाण होतं. पण 'सर' काय, हल्ली दुकानदारही म्हणतात. आणि समजा बोलायची वेळ आली, तर मी तिला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? 'तू' म्हणायचा हक्क आपण कधीच घालवला, आणि 'तुम्ही' म्हटलं तर ओळख नाकारल्यासारखं. तिने एक जाड दार उघडलं, शीतकपाटाच्या दारासारखं, रबरी कडांचं, आणि त्याच्या आत आणखी एक दार.

आतली खोली जेमतेम एका खुर्चीपुरती. चारही भिंतींना, छतालासुद्धा, भोकाभोकांचे पत्रे, आणि भोकांतून डोकावणारा स्पंज. एका भिंतीला काचेची खिडकी, काचेपलीकडे तिचं टेबल आणि यंत्र. "ह्या खोलीत आवाज परतत नाही," ती म्हणाली, "सुरुवातीला जरा विचित्र वाटतं, मग सवय होते." खरंच, मी घसा खाकरला तर ते खाकरणं ओठांशीच मेलं. तिने हेडफोन चढवले, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या, आणि वायरीच्या टोकाला असलेलं एक बटण माझ्या मुठीत दिलं. "आवाज येईल. हळूहळू लहान होत जाईल. अगदी पुसट ऐकू आला तरी दाबायचं. नाही ऐकू आला तर नाही दाबायचं. इतकंच." दोन्ही दारं लागली. काचेपलीकडे ती बसली, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे न बघता समोरच्या छापील चौकटीवर टेकवली. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली, हे मी बाहेरच्या तक्त्यावर वाचलं होतं. हिच्या नशिबी पेन्सिली कायमच्या, असा एक फालतू विनोद माझ्या मनात आला आणि माझा मलाच राग आला.

माझा उद्योग इथे थोडा सांगायला हवा. कृष्णविवराला धक्का बसला, त्यात काही पडलं किंवा दोन विवरं एकमेकांत मिसळली, की ते थरथरतं. आधी टोला पडलेल्या घंटेसारखं वाजतं, आणि ते वाजणं फार झपाट्याने मरतं. बघता बघता संपतं. सगळ्यांना वाटतं, झालं, शांत झालं. पण त्यानंतर एक शेपूट उरते. ती वाजत नाही, नुसती कमी होत राहते, आणि तेही आळशासारखी: जितका वेळ उलटून जावा तितकं पुढचं निम्मं व्हायला अधिक थांबावं लागतं. शून्य ती कधीच होत नाही. आणि ही शेपूट विवरातून येत नाही. जी लाट बाहेर निघून गेली, जी गेली असं आपण धरून चाललो, तीच फार दूरवर, जिथे अवकाश जवळजवळ सपाट आहे, तिथल्या बारीकशा वाकावरून थोडी थोडी माघारी येते. पस्तीस वर्षं मी ही शेपूट मोजतोय. बायको पाहुण्यांना सांगते, "हा माणूस पस्तीस वर्षं एक भोक शांत व्हायची वाट बघतोय, आणि घरी जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर धीर नाही." पाहुणे हसतात. शुक्रवारी माझं निरोपाचं व्याख्यान आहे, त्यातही हे वाक्य घ्यायचं ठरवलं होतं. ते वाक्य, आणि भिंतीची गोष्ट.

पहिला आवाज आला, चांगला ठणठणीत. दाबलं. दुसरा जरा लहान. दाबलं. तिसरा आणखी लहान, चौथा जणू शेजारच्या घरात. पाचवा आला की नाही कळेना. ह्या खोलीत बाहेरचं काही येत नव्हतं, म्हणून आतलं सगळं ऐकू यायला लागलं होतं: नाडी, गिळलेला आवंढा, आणि कानातली ती बारीक शिट्टी, जिच्याबद्दल मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी काचेतून बघितलं. पेन्सिलचा डावा हात यंत्राच्या कळीवर होता आणि दर वेळी कळ दाबताना तिचा खांदा किंचित खाली जात होता. खांदा गेला, मी बटण दाबलं. पुन्हा खांदा गेला, पुन्हा दाबलं. ऐकू काही आलं नव्हतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, एका विषयात चार लोकांनी ज्याचं नाव घ्यावं असा, आणि कानाच्या तपासणीत शाळकरी पोरासारखी कॉपी करतोय. लाज वाटली. वाटली तरी अंगठा थांबला नाही, कारण फूटपट्टी लावून कुणी आपली उंची घेतंय असं वाटायला लागलं की माणूस टाचा उचलतोच. त्यातून काचेपलीकडे ती होती. आणखी कुणी असतं तर मी बहिरा ठरायला कदाचित इतका घाबरलो नसतो.

भिंतीची गोष्ट अशी. अवकाशाला अंत नाही, पण संगणकात अंत नसलेलं काही मावत नाही. म्हणून कुठेतरी लांब एक भिंत घालावी लागते आणि म्हणावं लागतं, इथे जग संपलं. ती भिंत लाटेला परत फेकते. त्यामुळे ती इतकी दूर हवी की तिच्यावर आपटून आलेली लाट परत पोचेपर्यंत आपलं बघणं आटोपलेलं असेल. भिंत जवळ घातली तर खोटी लाट खऱ्या शेपटीत येऊन मिसळते, आणि अडाणी माणसाला वाटतं, विवरानेच काहीतरी नवल केलं. पेन्सिलने आमच्या आठवड्याच्या बैठकीत तिचा आलेख दाखवला. वाजणं सुरेख मेलं होतं, शेपूट सरळ रेषेत उतरत होती, आणि मध्येच एक उंचवटा. अशा आलेखाच्या काळाच्या अक्षावर दहा, शंभर, हजार एवढेच आकडे लिहिलेले असतात. उंचवटा शंभर आणि हजार यांच्या मध्ये कुठेतरी होता. ती प्रामाणिकपणे म्हणाली, "हे काय आहे मला कळलेलं नाही. मी पुन्हा करून बघतेय." पहिल्या बाकावर बाहेरगावचे पाहुणे प्राध्यापक बसले होते. ह्या मुलांपैकी कुणाची संशोधनाची मुदत वाढवायची हे त्यांच्या शब्दावर ठरणार होतं. ते माझ्याकडे वळून बघायला लागले. प्रोग्राम माझा होता. तिसऱ्या बाकावरून मी म्हणालो, "विवरातून काही आलेलं नाही. बाईंनी भिंत दोनशेवर घातलीय. अंगण कुठवर आहे ते बघून भिंत घालावी, हे गवंड्यालाही कळतं." सगळे खदखदून हसले. पाहुणे तर चष्मा काढून हसले. पेन्सिल फळ्याजवळ उभी होती. तिने तोंड उघडलं, "सर, भिंत मी..." आणि मिटलं. मग आलेखाची गुंडाळी केली, आणि ती करताना एक टोक दुमडलं गेलं ते पुन्हा सरळ केलं. मला ते टोक आठवतं. तिचा चेहरा आठवत नाही, कारण मी पाहुण्यांकडे बघत होतो.

हेडफोनमधून तिचा आवाज आला, एकदम जवळून, उजव्या कानात: "सर, मी गेल्या पाच वेळा आवाज सोडलेलाच नाही." मी काचेकडे बघितलं. ती छापील चौकटीकडेच बघत होती. "कळ दाबायचं नुसतं नाटक केलं. तुम्ही पाचही वेळा बटण दाबलंत." मी काहीतरी बोललो, कानात शिट्टी असते, त्यामुळे गोंधळ होतो, वगैरे. ते खरंही होतं, आणि खरं असूनही खोटं होतं. "होतं असं," ती म्हणाली, "पुष्कळ जण करतात. तुम्ही डोळे मिटून बसा." डोळे मिटून बसलो. चेहरा कानांपर्यंत तापला होता, आणि हेडफोनच्या गाद्या त्यावर घट्ट बसल्या होत्या.

त्या बैठकीनंतर दोन आठवड्यांनी मी प्रोग्राम उघडला आणि ती ओळ मला सापडली. तिने आपल्या फाइलीत भिंत नीट दोन हजारावर ठेवली होती. पण मूळ प्रोग्रामच्या पोटात माझी एक ओळ बसली होती, जी कुणी काहीही सांगो, भिंत दोनशेवर आणत होती. काहीतरी झटपट बघून घ्यायला मीच कधीतरी घातलेली. पुढे माझ्याच नावाची आद्याक्षरं आणि माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' मी काढली. एक कळ दाबली आणि ओळ गेली. मग तिला बोलावून म्हणालो, "तुझं ते दुरुस्त केलंय मी. आता चालव." ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "धन्यवाद, सर." नव्या आलेखात उंचवटा नव्हता. तो निबंध छापून आला, तिचं नाव दुसरं. मुदत तिची वाढली नाही. पाहुण्यांनी कळवलं होतं, मुलगी कष्टाळू आहे पण पायाच कच्चा. तीन महिन्यांनी ती एक खोकं घेऊन जिन्यावरून उतरताना दिसली, मी वर चढत होतो, आम्ही दोघांनीही भिंतीकडून अंग चोरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहिली आणि तिची किंमत वाढत गेली: प्राध्यापक झालो, विभाग मिळाला. आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात मी सांगायचो, एक मुलगी होती, तिने भिंत दोनशेवर घातली. गवंड्याचं वाक्य आलं की वर्ग हसायचा. बावीस वर्ग हसले.

पहिले काही दिवस ती लाज घणघणत होती. जेवताना, दात घासताना, रस्ता ओलांडताना एकदम आठवायचं आणि मी एकदम मोठ्याने बोलायचो, 'हां, हां, ठीक आहे' असं काहीतरी, म्हणजे ते बुजावं. बायको विचारायची, कोणाशी बोलताय. मग ते आपोआप कमी झालं. महिन्यात संपलंच म्हणायला हरकत नव्हती, आणि आपण तसे बरे गृहस्थ आहोत असं मला पुन्हा वाटायला लागलं. पण पुढे ती यायची ते भलतीकडून. नवीन घर बघायला गेलो, बांधणारा म्हणाला, ही भिंत हवी तर हलवता येईल, आणि मी घाईघाईने खिडक्यांची चौकशी करायला लागलो. आमची मुलगी शाळेत असताना वहीतलं दुमडलेलं टोक सरळ करत बसली होती, तिला विनाकारण ओरडलो. ती बिचारी रडली. दर वेळी थोडीच यायची, मागच्यापेक्षा थोडी. मोजायचा धंदाच असल्यामुळे मला कळत होतं की कमी होतेय, आणि हेही कळत होतं की ती पुरी जाण्याइतकं माझं आयुष्य नाही. कानावर हात ठेवून काय होणार. बोलायचं ठरवलं तर बोलायला ती कुठे होती, असं मी स्वतःला सांगायचो. शोधली मात्र कधी नाही. शहर तेच होतं.

"उजवा झाला," ती म्हणाली, आणि दोन्ही दारं उघडून आत आली. हेडफोनची वायर माझ्या कॉलरीत अडकली होती, ती तिने सोडवली. इतक्या जवळून तिच्या कोटाला स्पिरिटचा वास येत होता. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं; पुढच्या दहा मिनिटांत डावा कान होईल, मी बाहेर जाईन, बायको विचारेल, काय म्हणाल्या बाई, आणि शुक्रवारी मी व्यासपीठावर उभा राहून एक मुलगी होती असं म्हणेन. "पेन्सिल," मी म्हणालो. 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळण्यासाठी मला तेवढंच सुचलं.

तिचा हात थांबला. "नाव लक्षात आहे तर," ती म्हणाली. "मला वाटलं, गोष्टीत नुसतीच 'एक मुलगी' असते."

"कुठली गोष्ट?"

"माझी भाची तुमच्या वर्गात होती, सर. चार वर्षांपूर्वी. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगायला लागली, आमच्या सरांनी आज काय धमाल गोष्ट सांगितली. भिंत, अंगण, गवंडी. घरातले सगळे हसले. पोरीला माहीत नव्हतं ना." तिने वायरीची गुंडाळी केली. "मीही हसले. गोष्ट तुम्ही सांगता चांगली."

मला वाटलं होतं, त्या खोलीत आवाज परतत नाही तर बोलणं सोपं जाईल. पण तिथे माझं प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडलं की जागच्या जागी संपत होतं, आणि पुढचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून उचलावं लागत होतं. मी सांगितलं. ती ओळ माझी होती. मला ती दोन आठवड्यांनी सापडली. मी ती गुपचूप काढली. तुला, म्हणजे तुम्हाला, म्हणालो दुरुस्त केलं, जणू चूक तुमची होती. पाहुण्यांना पत्र लिहायला हवं होतं, ते मनात तीन वेळा लिहिलं, कागदावर एकदाही नाही. "फार वाईट वागलो मी," मी म्हणालो, "मला लाज वाटते. त्या दिवसापासून वाटतेय."

"ओळ मी पाहिली होती," ती म्हणाली. "बैठकीच्याच दिवशी, संध्याकाळी. तुमच्या आद्याक्षरांसकट. तात्पुरतं, नंतर काढणे."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, सरांच्या नजरेतून सुटलं असेल. सापडलं की स्वतःच सांगतील, आपण कशाला आगाऊपणा करायचा. दोन आठवडे रोज वाटायचं, आज बोलावतील. आणि बोलावलंत तुम्ही." ती जराशी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "त्या हसण्याचं मला फार काही नव्हतं, सर. त्या वयात सगळेच कुणाला तरी हसतात. पण 'तुझं दुरुस्त केलंय' म्हणालात, तेव्हा मी ठरवलं, इथे राहायचं नाही. मुदत वाढली असती तरी गेले असते. आणि इथे बरं चाललंय माझं, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. इथे माणूस खरं सांगतो की खोटं, ते लगेच कळतं."

मला बरं वाटायला लागलं होतं. हे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते, पण बरं वाटायला लागलं होतं. बोलून झालं, ऐकून घेतलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या सर. ती म्हणाली, "एकच विचारायचं राहिलं होतं. बावीस वर्षं झाली, तरी डोक्यातून जात नाही. तुम्ही तिसऱ्या बाकावरून 'दोनशे' म्हणालात. माझ्या आलेखावर फक्त शंभर आणि हजार लिहिलं होतं. उंचवटा चारशेला आहे, लाट जाऊन परत येते, म्हणजे भिंत त्याच्या निम्म्यावर, दोनशेवर, हे काढायला मलाही घरी जाऊन पट्टी लावावी लागली. तुम्हाला बसल्याजागी कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हणालो. "अनुभवाने येतो."

तिने मान हलवली. निळी बाजू नीट बसली आहे ना ते बघितलं, बटण पुन्हा माझ्या मुठीत दिलं आणि बाहेर गेली. आधी आतलं दार लागलं, मग बाहेरचं.

डोळे मिटून बसलो. डाव्या कानात आवाज आला, मी दाबलं. मग लहान, मग आणखी लहान. दोन आठवड्यांनी ओळ सापडली, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो, आणि ते खरंच होतं. ओळ दोन आठवड्यांनीच सापडली, कारण दोन आठवडे मी प्रोग्राम उघडला नव्हता. का उघडला नव्हता? आवाज आला. दाबलं. बैठकीत तिने आलेख लावला, उंचवटा दिसला, आणि माझ्या डोक्यात दोनशे हा आकडा आला तो मोजून आला नव्हता. तो माझ्या बोटांमधून आला होता. बैठकीच्या आठवडाभर आधी जेवायला जायच्या घाईत, एक पाय टेबलाबाहेर, मी तो टंकला होता, दोन आणि शून्य आणि शून्य, आणि जेवून आल्यावर विसरलो होतो. उंचवटा दिसल्याबरोबर आठवलं. पुरतं आठवलं. पाहुणे मागे वळून बघत होते, त्यांची मान वळून पुरी व्हायच्या आत मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी तोंड उघडलं आणि गवंडी आणला. चोराच्या मनात चांदणं असतं, त्या चांदण्यातच मी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला. विनोद इतका झटपट का सुचला, ह्याचं मला पुढे कौतुकसुद्धा वाटलं होतं. डाव्या कानात आता काहीच येत नव्हतं. शिट्टी होती, नाडी होती. काचेपलीकडे ती आवाज सोडत असेल, किंवा नुसतीच कळ दाबत असेल, मला समजायला मार्ग नव्हता. अंगठा बटणावर होता. मी तो उचलून बाजूला ठेवला, आणि फार वेळ, निदान मला तरी तो फार वाटला, मी काहीच दाबलं नाही.

बाहेर आलो तेव्हा तिने चौकट पुढे सरकवली. लाल गोलांची रांग ऐटीत आडवी गेली होती. निळ्या फुल्या निम्म्या वाटेपर्यंत ठीक होत्या आणि मग जिना उतरल्यासारख्या खाली खाली गेल्या होत्या, पार तळाशी. ती खालच्या ओळी भरत होती. मी टेबलाची कड धरली. "अंदाज नव्हता," मी म्हणालो.

पेन्सिल थांबली. तिने वर बघितलं, ह्या खेपेला नीट, आणि मीही नजर काढली नाही. पाहुणे नव्हते, दुसरीकडे बघायला कुणीच नव्हतं. "हं," ती म्हणाली. मग उरलेली ओळ लिहून पुरी केली, सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि पेन्सिल कानामागे खोचली. "उजवा पुन्हा करावा लागेल. मंगळवारी या. अकरा वाजता." जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही.

बायकोने बाहेर बाकावरच कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचायला लागली, चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, सवयीने. "डावा कान, प्रतिसाद विश्वासार्ह. उजवा कान, प्रतिसाद विश्वासार्ह नाहीत." तिने कागद उलटून मागे काही आहे का बघितलं. "म्हणजे काय हो? कान विश्वासार्ह नाही म्हणजे?"

"कान नाही. मी," मी म्हणालो. "ऐकू येत नव्हतं तरी बटण दाबत होतो."

"तपासणीत? ते कशासाठी?" ती हसायला लागली होती, बाकावरचे चौघेही सावरून बसले होते, चांगली गोष्ट येणार म्हणून. बायकोला भिंतीची गोष्ट तोंडपाठ आहे. गवंड्याचं वाक्य माझ्या आधी तीच म्हणते, आणि शुक्रवारी पहिल्या रांगेत बसून म्हणणार होती. माझा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने कागदाची घडी घातली आणि शेजारची पर्स उचलून मला जागा करून दिली.

"बसा," ती म्हणाली. "काय झालंय?"

मी बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. बोळाचं दार उघडंच होतं आणि आतून आमचं बोलणं ऐकू येण्यासारखं होतं, तरी मी आवाज खाली आणला नाही.